बाहुलीवर फर कशी बसवतात? फ्लॉकिंगचे हुनर, त्याचा हिशोब आणि त्याची धूळ

उल्हासनगरच्या कॅम्प नं. ३ मध्ये आमच्या ओळखीचे एक कारागीर राहतात. एका जुन्या बराकीच्या मागच्या बाजूला काढलेल्या खोलीत त्यांचे काम चालते. गेल्या पावसाळ्यात आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा दोरीवर बारा ससे टांगलेले होते. हातात घालून नाचवायचे ससे. एका शाळेच्या नाटुकल्यासाठी सांगून करवून घेतलेले. लांबून पाहिले तर वाटावे, आत्ता उडी मारतील. जवळ जाऊन एकाच्या पाठीवर बोट फिरवले आणि बोटाला राखाडी भुकटी लागली. दुसऱ्याच्या कानाला हात लावला, तर कानाची फर पापुद्र्यासारखी निघून आली. बाराच्या बारा ससे असेच. माल परत आला होता. सहा आठवड्यांची मेहनत आणि सामानाचे पैसे, दोन्ही दोरीवर लटकत होते.

हे गृहस्थ नवखे नाहीत. पंधरा वर्षे टी-शर्टवर स्क्रीन प्रिंटिंग करत आले आहेत. मखमली छपाईचे, ज्याला बाजारात फ्लॉक प्रिंट म्हणतात, त्याचे काम त्यांच्या हातचे आहे. मग चूक कुठे झाली? त्याचे उत्तर शोधता शोधता आम्हाला या धंद्याची बरीच माहिती मिळाली. आमच्या वाचकांत छपाईवाले आहेत, दागिन्यांच्या डब्या करणारे आहेत, खेळणी विकणारे आहेत. त्या सर्वांच्या उपयोगी पडेल म्हणून ती इथे देत आहोत.

फ्लॉकिंग म्हणजे काय, हे आधी सांगतो. धाग्याचे अगदी बारीक, एकसारखे तुकडे करायचे, ज्या वस्तूवर हवे तिथे गोंद लावायचा आणि ते तुकडे त्या गोंदात उभे रोवायचे. आडवे पडले तर ते भुकटी लावल्यासारखे दिसते, उभे राहिले तर मखमल होते. सगळी करामत या उभे राहण्यात आहे. आपल्या रोजच्या पाहण्यातल्या कितीतरी वस्तू अशा बनतात. अंगठीच्या डबीचे अस्तर, दागिन्यांचे ट्रे, मखमली लग्नपत्रिका, मखमली टिकल्या, रबरी हातमोज्यांची आतली मऊ बाजू, मोटारीच्या कप्प्याचे अस्तर. कला नवी नाही. लंडनमध्ये जेरोम लॅनियर नावाच्या कारागिराला भिंतीला लावायच्या अशा मखमली कामासाठी १६३४ मध्ये राजाकडून पेटंट मिळाले होते. त्या काळी लोकरी कापड कातरताना जो भुगा पडे, तोच रंगवून गोंदावर पसरत. म्हणजे एकाच्या कारखान्यातला कचरा दुसऱ्याचा कच्चा माल झाला. उल्हासनगरच्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

खेळण्यांत या कलेने मोठे नाव कमावले ते जपानमध्ये. तिथल्या एपॉक कंपनीने १९८५ मध्ये सिल्व्हेनियन फॅमिलीज नावाने बोटभर उंचीचे ससे, अस्वले, खारी बाजारात आणल्या. प्लास्टिकच्या अंगावर फ्लॉक बसवलेले हे प्राणी आजही जगभर विकले जातात. आपल्याकडे बोलक्या बाहुल्यांचे नाव घेतले की रामदास पाध्ये यांची आठवण होते. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला खिदळणारा ससा त्यांचाच, आणि १९९३ च्या ‘झपाटलेला’ चित्रपटातला तात्या विंचूही त्यांनीच बनवला. तो ससा ज्यांनी दूरदर्शनवर पाहिला आहे, त्यांना प्राण्याच्या बाहुलीत फरीचे महत्त्व काय असते ते सांगायला नको. माणसाच्या बाहुलीला कपडे घालून वेळ मारून नेता येते. प्राण्याला त्याची कातडी हीच त्याची ओळख.

तयार फरचे कापड बाजारात मिळते. मग फ्लॉकिंगची उठाठेव कशाला? कारण फरचे कापड मोठ्या अंगाला ठीक असते, नाक, पापणी, ओठ, पंजा यांवर ते जाड बसते. शिलाई दिसते आणि नाकाचा आकार बुजतो. खऱ्या सशाच्या नाकाजवळची लव अगदी आखूड असते आणि गालाकडे ती वाढत जाते. ही चढण कापडात साधत नाही, फ्लॉकमध्ये साधते. म्हणून जाणकार बाहुलीकार धडाला फरचे कापड लावतात आणि तोंड, कान, पंजे फ्लॉक करतात. दोन्हींचा सांधा गालावर किंवा मानेवर, जिथे केस लांब होतात तिथे लपवतात. फ्लॉकचा धागा साधारण अर्ध्या मिलिमीटरपासून पाच-सहा मिलिमीटरपर्यंत मिळतो. सिंहाची आयाळ त्यातून होणार नाही, तो हट्ट धरू नये.

धागा कोणता घ्यावा?

बाजारात मुख्यतः तीन प्रकार दिसतात. सुती भुगा दळून केलेला असतो, त्याची लांबी एकसारखी नसते आणि तो नीट उभा राहत नाही. बाहुलीसाठी तो सोडून द्यावा. रेयॉन मऊ आणि स्वस्त आहे, चमक कमी असल्यामुळे खऱ्या लवेसारखा दिसतो, पण ओलावा शोषतो आणि दाबला की बसतो. रेयॉन हा शब्द आपल्या भागाला परका नाही. शहाडचा सेंच्युरी रेयॉनचा कारखाना इथल्या कितीतरी घरांची चूल पेटवत आला आहे. नायलॉन महाग, पण ताठ. हातात घेऊन नाचवायच्या बाहुलीवर शेकडो वेळा बोटे फिरणार, तिथे नायलॉनच टिकतो. आमचे मत असे की चेहऱ्याच्या ज्या भागाला हात लागत नाही तिथे रेयॉन, आणि कान, पंजे, डोक्याचा वरचा भाग इथे नायलॉन.

लांबीइतकीच जाडी पाहावी लागते. धाग्याची जाडी डेनियरमध्ये मोजतात, आकडा जितका मोठा तितका धागा जाड. अर्धा मिलिमीटर लांबीला दीड डेनियरचा बारीक धागा चालतो. एक मिलिमीटरला तीन डेनियरच्या आसपास घ्यावा, आणि दोन-तीन मिलिमीटरला त्याहून बराच जाड. लांब धागा बारीक असेल तर तो वाकतो, एकमेकांत गुंततो आणि फर न होता कापसाचा बोळा होतो. आमच्या कारागिरांनी नेमके हेच केले होते. टी-शर्टचा अर्ध्या मिलिमीटरचा माल त्यांच्या सवयीचा. सशासाठी लांब लव हवी म्हणून दुकानदाराने दिला तो दोन मिलिमीटरचा धागा त्यांनी घेतला. जाडी ना त्यांनी विचारली ना दुकानदाराने सांगितली.

आणखी एक गोष्ट. फ्लॉकच्या धाग्यावर कारखान्यात एक रासायनिक लेप चढवलेला असतो, त्यामुळे तो वीज धरतो. घरी कात्रीने नायलॉनच्या दोऱ्याचे तुकडे करून फ्लॉक होत नाही, हा प्रयोग अनेकांनी करून पाहिला आहे. मागताना यंत्रावर चालणारा, कापलेला फ्लॉक असे स्पष्ट सांगावे. स्क्रीन प्रिंटिंगचे सामान विकणाऱ्या दुकानांत तो मिळतो.

विजेचे काम

लहान बाटलीत फ्लॉक भरून, तिच्या तोंडाला जाळी लावून, पिचकारीसारखी दाबून फवारण्याची रीत सर्वांत स्वस्त. अर्ध्या मिलिमीटरच्या मालाला ती चालते, कारण बाटलीतून घासून बाहेर पडताना धाग्यांना थोडी वीज मिळते. पण दाट आणि उभी फर हवी असेल तर विजेचे यंत्र लागते. हे यंत्र काही हजार नव्हे, काही दहा हजार व्होल्टचा दाब तयार करते. हातात धरायच्या यंत्रांत साधारण वीस हजारांपासून नव्वद हजारांपर्यंत. विजेचा प्रवाह मात्र अत्यंत कमी असतो. यंत्राचे जाळीचे तोंड एका बाजूला आणि जमिनीला जोडलेली वस्तू दुसऱ्या बाजूला, यांच्यामध्ये विजेचे एक क्षेत्र तयार होते. जाळीतून सुटलेला प्रत्येक धागा त्या क्षेत्रात टाचणीसारखा सरळ होतो आणि वेगाने जाऊन गोंदात घुसतो. एकाच जातीची वीज असल्यामुळे शेजारचे दोन धागे एकमेकांना ढकलतात, म्हणून ते चिकटून न बसता उभेच राहतात.

आता अडचण इथे येते. बाहुलीचे डोके कशाचे असते? फोमचे, कागदाच्या लगद्याचे, लाकडाचे. यांतून वीज वाहत नाही. मग जमिनीला जोडायचे काय? उत्तर सोपे आहे, पण कुणी सांगितल्याशिवाय सुचत नाही. पाण्यावर चालणारा गोंद ओला असतो तोपर्यंत वीज वाहून नेतो. म्हणून अर्थिंगची चिमटी बाहुलीला न लावता, एक टाचणी ओल्या गोंदाला स्पर्श करील अशी मानेच्या कडेला टोचावी आणि चिमटी त्या टाचणीला लावावी. गोंदाचा थर कुठेही तुटलेला नसावा. तुटला तर त्या पलीकडे वीज पोहोचणार नाही आणि फर विरळ बसेल. आमच्या कारागिरांनी कान वेगळे रंगवून नंतर जोडले होते. कानांचा गोंद डोक्याच्या गोंदाशी जुळलेला नव्हता. कानांचीच फर आधी का निघाली, याचे एक कारण हे.

वीज नेहमी टोकाकडे आणि कडेकडे धावते. त्यामुळे नाकाच्या शेंड्यावर आणि कानाच्या कडेवर फर दाट बसते, डोळ्याच्या खोबणीत, कानाच्या आत आणि हनुवटीखाली ती पोहोचतच नाही. अशा जागा आधी बाटलीने भराव्यात आणि मग यंत्र फिरवावे.

अर्थिंगबद्दल एक इशारा दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्याकडे जुन्या बराकींत आणि त्यांवर चढवलेल्या मजल्यांत तीन पिनांचे सॉकेट दिसते, पण तिसऱ्या पिनेला तार जोडलेलीच नसते. यंत्र आणण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. छातीत पेसमेकर बसवलेल्या माणसाने या यंत्राजवळ उभे राहू नये. डास मारायच्या बॅटचे सर्किट काढून त्याला चहाची गाळणी जोडून घरगुती यंत्र बनवण्याची रीत परदेशातल्या हौशी लोकांत आहे. खेळण्यातल्या रेल्वेच्या देखाव्यावर गवत उभे करायला ते ती वापरतात. पण त्या बॅटचा दाब दोन-तीन हजार व्होल्टच्या आसपास असतो, लांब नायलॉन त्याने नीट उभा राहत नाही, आणि आतल्या कपॅसिटरमध्ये स्विच बंद केल्यावरही वीज साठून राहते. हौस म्हणून ठीक असेल, धंद्यासाठी नाही.

गोंद आणि पावसाळा

पांढरा फेविकॉल प्रत्येक घरात असतो, म्हणून हात त्याच्याकडेच जातो. कागदाच्या लगद्याच्या कडक डोक्याला तो चालेल. पण फोमच्या तोंडाची बाहुली बोलताना दर वेळी वाकते, आणि वाळून कडक झालेला पांढरा गोंद तिथे तडकतो. लवचीक राहणारा पाण्यावरचा ॲक्रिलिक फ्लॉक गोंद घ्यावा. थर फार जाड नको, फार पातळही नको. धाग्याच्या लांबीच्या दहाव्या भागाइतका थर वाळल्यावर उरावा, असा अंदाज आहे. फोम गोंद पिऊन टाकतो, म्हणून आधी एक पातळ हात मारून तो वाळू द्यावा आणि मग दुसरा हात मारून त्यावर फ्लॉक करावे. गोंदात फरीच्याच रंगाचा रंग मिसळावा, म्हणजे कुठे विरळ राहिले तरी पांढरी टक्कल दिसत नाही.

सॉल्व्हंटवाला पिवळा गोंद, जो चप्पलवाले आणि सोफावाले वापरतात, त्याला या कामात हातही लावू नये. एक तर तो थर्मोकोल विरघळवून टाकतो. दुसरे म्हणजे त्याची वाफ पेट घेते, आणि फ्लॉकिंगच्या यंत्रातून ठिणगी उडतेच. बंद खोलीत ती वाफ, हवेत तरंगणारा बारीक धागा आणि ठिणगी एकत्र आली तर काय होईल हे लिहायची गरज नाही.

आता पावसाळ्याकडे येऊ, कारण बारा सशांचा खरा गुन्हेगार तोच होता. फ्लॉकच्या धाग्याला हवेतला ओलावा बेताचा लागतो, साधारण साठ टक्क्यांच्या आसपास. हवा फार कोरडी असेल तर धागा वीज धरत नाही आणि गोळे होतात. फार ओली असेल तर वीज गळून जाते, धागे एकमेकांना चिकटतात, यंत्र चटचट आवाज करते आणि फर आडवी पडते. जुलैमध्ये ठाणे जिल्ह्यात ऐंशी-नव्वद टक्के ओलावा असतो. कारागिरांनी नेमके त्याच दिवसांत, तेही सकाळी लवकर, काम केले. सकाळची हवा सर्वांत ओली असते, दुपारी ती त्यामानाने कोरडी होते, हे साधे गणित आहे. त्यावर कहर म्हणजे गोंद वाळायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागत असताना त्यांनी दुसऱ्याच दिवशी ससे झटकले. आतला गोंद कच्चाच होता.

उपाय महाग नाहीत. हवेचा ओलावा दाखवणारे छोटे मीटर काही शे रुपयांत मिळते, ते भिंतीवर टांगावे. फ्लॉकची पिशवी उघडी ठेवू नये, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. पावसाळ्यात फ्लॉकिंग दुपारीच करावे, किंवा त्या महिन्यांत बाहुल्यांची अंगे, कपडे, डोळे असे दुसरे काम करून ठेवावे आणि फ्लॉकिंग ऑक्टोबरनंतर घ्यावे. हिवाळ्यातल्या दुपारी उलट अडचण येते, तेव्हा खोलीत ओले फडके टांगले तरी पुरते. वाळवण कमीत कमी चोवीस तास, पावसाळ्यात दोन-तीन दिवस. तोवर बोट लावायचे नाही. मुलांनाही त्या खोलीत सोडायचे नाही, कारण मूल आणि ससा एकत्र आले की काय होते ते सर्वांना ठाऊक आहे.

खरी फर वाटावी यासाठी

इथपर्यंत केले तर बाहुलीवर मखमल चढेल. मखमल आणि फर यांत फरक आहे. फर एका रंगाची नसते. रानसशाचा एक केस उपटून उजेडात पाहिला तर बुंध्याशी राखाडी, मध्ये पिवळसर आणि टोकाला काळसर दिसतो. म्हणून एकाच रंगाचा फ्लॉक विकत आणून लावू नये. तीन छटा कोरड्याच एका पिशवीत घालून चांगल्या हलवाव्यात. पहिला थर आखूड आणि गडद लावावा, तो पूर्ण वाळू द्यावा. मग त्याच्या टोकांवर गोंदाचा अगदी हलका फवारा मारून दुसरा, लांब आणि फिक्का थर द्यावा. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने टोकांवर किंचित गडद रंग फिरवावा. पोटाखाली आणि शेपटीखाली पांढरा. जिथे दोन रंग भेटतात तिथे सरळ रेघ दिसली तर प्राणी खोटा वाटतो, तिथे दोन्हींचे मिश्रण शिंपडावे.

दुसरी गोष्ट दिशा. प्राण्याची फर नाकापासून शेपटीकडे झुकलेली असते, विजेने उभा केलेला धागा मात्र काटकोनात उभा असतो. म्हणून यंत्र थोडे तिरके धरावे, आणि गोंद ओला असतानाच नाकाकडून मागे हळू हवा सोडावी किंवा मऊ ब्रश न दाबता फिरवावा. हे काम हाताच्या अंदाजाचे आहे. पहिले दोन-तीन नग बिघडतील असे धरून चालावे. जुन्या चेंडूवर सराव केला तर सामान वाया जात नाही.

तोंडाच्या फटीत, जिथे जबडा उघडझाप करतो, तिथे दोन-तीन मिलिमीटर जागा गोंदाशिवाय सोडावी, नाहीतर पहिल्याच खेळाला तिथे फर उखडते. डोळे आणि नाकाची काच शेवटी बसवावी. माल देण्याआधी फरीवर चिकटपट्टी दाबून झटक्याने उचलावी. पट्टीवर चार-दोन धागे आले तर हरकत नाही. पट्टी केसाळ झाली तर तो नग गिऱ्हाइकाला देऊ नये, कारण तोच नग उद्या परत येतो आणि सोबत बदनामी घेऊन येतो.

सामानाचा हिशोब लोकांना वाटतो तितका मोठा नाही. पंधरा सेंटीमीटर व्यासाचे डोके धरले तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे सातशे चौरस सेंटीमीटर होते. दाट फरीला एका चौरस मीटरला शंभर ग्रॅमच्या आसपास धागा बसतो, म्हणजे एका डोक्यावर सात ग्रॅम. सांडतो त्याच्या कितीतरी पट. खाली स्वच्छ कागद किंवा खोका ठेवला आणि सांडलेला माल बारीक चाळणीने चाळून घेतला तर तो पुन्हा वापरता येतो. खर्च धाग्यात नसून वेळात आहे. घडवणे, दोन थर, वाळवण, रंग मिळून एका चांगल्या बाहुलीला तीन-चार दिवस गुंततात. भाव सांगताना अनेक कारागीर सामानाचा हिशोब करतात आणि आपल्या दिवसांचा विसरतात.

खोकल्याची गोष्ट

ससे पाहून आम्ही निघालो तेव्हा त्यांच्या पत्नीने दारात थांबवले. “भाईजान, ससे जाऊ द्या, यांना रात्रभर कोरडा खोकला येतो, ते यांना कुणीतरी सांगा.” टी-शर्टचे काम करत होते तेव्हापासून आहे, असे त्या म्हणाल्या. कारागिरांनी हसून विषय बदलला. आम्हाला मात्र तो विषय सोडवेना.

अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यातल्या एका नायलॉन फ्लॉक कारखान्यात १९९० च्या दशकात कामगारांना दम लागणे आणि कोरडा खोकला सुरू झाला. डॉ. डेव्हिड कर्न यांनी त्याचा छडा लावला आणि १९९८ मध्ये एका मोठ्या वैद्यकीय मासिकात तो प्रसिद्ध झाला. त्याआधी कॅनडातल्या एका फ्लॉक कारखान्यातही असेच आजारी सापडले होते. फुप्फुसाच्या या आजाराला डॉक्टर आज फ्लॉक कामगारांचे फुप्फुस या नावानेच ओळखतात. उभा राहणारा धागा मोठा असतो, तो नाकातच अडकतो. पण धागा कापताना त्याचे अगदी बारीक, डोळ्यांना न दिसणारे तुकडेही पडतात. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि तिथे सूज आणतात. यंत्रे साफ करण्यासाठी दाबाच्या हवेचा झोत मारणाऱ्यांना हा धोका जास्त असल्याचे तपासात दिसले. ते कारखाने मोठे होते आणि तिथे दिवसभर काम चाले, हे खरे. पण आपली खोली दहा फूट बाय बारा फूट असते. त्याच खोलीत चूल असते आणि रात्री मुले झोपतात, हेही खरे.

म्हणून तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावावा. झाडू आणि हवेचा झोत दोन्ही बंद. ओल्या फडक्याने पुसावे किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरावा. जादा फ्लॉक झटकायचा तो एका मोठ्या खोक्यात, समोरून प्लास्टिक लावून आणि हात जाण्यापुरती भोके ठेवून. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नयेत. हे काम राहत्या खोलीत करू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. चार जणांनी मिळून भाड्याने एक गाळा घेतला तर यंत्रही सामाईक होते. आणि कोरडा खोकला तीन आठवड्यांवर गेला, जिना चढताना दम लागू लागला, तर डॉक्टरकडे जाऊन आपण फ्लॉकचे काम करतो हे आधी सांगावे. न सांगितले तर दम्याची औषधे मिळतात आणि वर्षे निघून जातात. कारागीर कॅम्प नं. ३ च्या सेंट्रल हॉस्पिटलमध्ये जायला अखेर तयार झाले, तेही पत्नीने केसपेपर स्वतः काढला तेव्हा.

विकण्याआधी

बाहुली विकायची म्हटली की कायदा आडवा येतो, आणि तो माहीत नसल्याने नुकसान होते. केंद्र सरकारच्या २०२० च्या खेळणी गुणवत्ता आदेशाने १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले. तपासणी आयएस ९८७३ या मानकाप्रमाणे होते. खेळणे किती लवकर पेट घेते आणि त्याच्या रंगात शिसे वगैरे जड धातू किती आहेत, हे त्यात पाहतात. म्हणजे केसाळ खेळण्याचा धागा आणि रंग दोन्ही त्यात येतात. चिन्ह नसलेला माल दुकानदार ठेवत नाही, कारण छापा पडला तर तोच अडकतो. आमच्या कारागिरांना एका खेळण्यांच्या दुकानातून याच कारणाने परत यावे लागले होते, आणि त्यांना वाटले होते की दुकानदाराला माल आवडला नाही.

या आदेशात हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना सूट आहे, त्यांनी स्वतः बनवलेल्या आणि विकलेल्या खेळण्यांपुरती. त्यासाठी पहचान कार्ड काढावे लागते. ते कार्ड कारागिराच्या नावावर असते, व्यापाऱ्याच्या नाही. दुसऱ्याच्या कार्डावर कारखान्याचा माल खपवायला जाल तर दोघेही अडचणीत याल. रंगमंचावर मोठ्यांनी वापरायच्या बाहुल्या मुलांच्या खेळण्यांत मोडत नाहीत. म्हणून नाटक मंडळी आणि बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारे, हे गिऱ्हाईक पहिल्या वर्षी जास्त सोयीचे. बिलावर तसे स्पष्ट लिहावे. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी फ्लॉकची बाहुली करूच नये, कारण ते ती तोंडात घालते. नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा मोठा माल काढण्याआधी मानक ब्युरोकडे एकदा चौकशी करावी.

भांडवलासाठी १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत पारंपरिक बाहुली आणि खेळणी बनवणारे आहेत. अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांचे व्हाउचर, प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज पाचशे रुपये, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व ते फेडल्यावर दोन लाख रुपये कर्ज, असे तिचे स्वरूप ठरवलेले आहे. इथे कर्जावर व्याज आहे हे वाचकांनी लक्षात घ्यावे. ज्यांना ते नको त्यांनी व्हाउचर आणि प्रशिक्षणाचीच चौकशी करावी. तसेच सजीवांच्या आकृती बनवण्याचा प्रश्न ज्यांच्या मनात असेल त्यांनी तो आपल्या विश्वासाच्या आलिमांना विचारावा. हेच हुनर डब्या, ट्रे, पत्रिका आणि भिंतीवरच्या सजावटीलाही तितकेच चालते.

कारागिरांनी बारा सशांची फर कोमट पाण्यात भिजवून, ब्रशने खरवडून काढली. फोमची डोकी वाचली. शाळेने मुदत वाढवून दिली, पण आगाऊ रक्कम पुढच्या कामात वळती करायच्या बोलीवर. नोव्हेंबरच्या एका दुपारी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा मीटरचा काटा अठ्ठावन्नवर होता, मास्क तोंडावर होता आणि कान डोक्याला आधी जोडून मगच गोंद लावला जात होता. खोलीच्या एका कोपऱ्यात चौकोनी खोका उभा होता, समोर प्लास्टिक आणि दोन भोके. खोका फर्निचर बाजारातल्या पुठ्ठ्याचा होता. भोके पत्नीने कापली होती, तीही त्यांच्या हाताच्या मापाने नव्हे, स्वतःच्या. आता झटकण्याचे काम त्या करतात, मास्क लावून.